मन्हंच नाव सांग

"कथाईन उनी व माय?"

धुळ्याच्या बसस्थानकात, बायकांच्या स्वच्छतागृहाच्या दाराशी टेबल टाकून बसलेली ती बाई येणाऱ्या प्रत्येकीला आधी हेच विचारायची. कुठून आलीस? एका उत्तरात तिला सगळं कळायचं. बाई साक्रीच्या अलीकडची की पलीकडची, पहाटे किती वाजता उठली असेल, पोटात काही आहे की नाही. मग ती बाईची पिशवी टेबलाखाली सरकवायची आणि म्हणायची, "जाय, पह्यले मोकळी व्हय. मंग बोलूत."

तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिण्याच्या बाबतीत माझी तिच्यापाशी पत उरलेली नाही. ती पत कशी गेली, तेच तुम्हाला सांगायला बसलोय. सगळ्या जणी तिला अक्का म्हणायच्या, मीही अक्काच म्हणतो.

माझं काम आधी सांगायला हवं, नाहीतर बायकांच्या स्वच्छतागृहापाशी हा बाबा करत काय होता, असं तुम्हाला वाटेल. आणि वाटलंच पाहिजे. मी जळगावचा, मेहरूणला राहतो. मोबाइलवरून रिक्षा बोलवायची सोय करणाऱ्या एका कंपनीसाठी पाहणी करतो. अशी रिक्षा कोण मागवतं, कुठे जायला, कशासाठी, आठवड्यातून किती वेळा, हे विचारत हिंडायचं आणि फॉर्म भरायचे. कंपनी याला 'मागणीचा अभ्यास' म्हणते. आमची आई 'रिकामे उद्योग' म्हणते.

कंपनीकडे शहराचा नकाशा असतो. जिथून रिक्षाला जास्त मागणी तिथे तो लाल होतो, कमी तिथे पिवळा, आणि जिथून कोणी मागवतच नाही ती जागा पांढरी राहते. जळगावात लाल कुठे असणार हे मी डोळे मिटून सांगेन: कॉलेज, क्लासेस, रेल्वे स्टेशन. धुळ्यात मात्र बसस्थानकाच्या एका कोपऱ्यात एक लाल ठिपका उगवला होता आणि त्याचा उलगडा कोणालाच होईना. कारण त्या सगळ्या मागणीमागे ग्राहक एकच होता. एक बाई. रोज सकाळी तिथूनच नव्या दवाखान्यात जायची. बरं, जायची तर जाऊ दे, पण पहिली रिक्षा दवाखान्यात पोचायच्या आत ती दुसऱ्या रिक्षात बसून पुन्हा दवाखान्याकडे निघालेली असायची!

आमचे साहेब पुण्याला बसतात. ते फोनवर म्हणाले, "जरा बघून या. बाई आजारी आहे की लबाड?"

मी आधी फोन लावला. "ताई, आमच्या रिक्षाचा अनुभव कसा वाटला?"

"माले काय म्हाईत? मी तं त्या गाडीमा कधी बठेलच नही," असं म्हणून तिने फोन ठेवून दिला.

घ्या! सगळ्या धुळ्यात जिच्या नावावर सर्वांत जास्त फेऱ्या, ती आमच्या रिक्षात कधी बसलेलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी धुळ्याची एसटी धरली. नकाशावरचा ठिपका जुळवत जुळवत गेलो आणि मान वर करून बघतो तर समोर बाईचं चित्र काढलेलं दार. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र, आणि मी शुंभासारखा तिथेच उभा.

"ओ भाऊ! आठे काय देखस? लाज शे का नही?"

फिनेलचा ब्रश हातात घेऊन ती माझ्यासमोर उभी होती. पन्नाशीची, ठेंगणी, कपाळावर मोठं कुंकू, पदर कमरेला खोचलेला. बाकड्यावरच्या चारपाच जणी माझ्याकडे बघायला लागल्या. मी कसंबसं ओळखपत्र पुढे केलं आणि कंपनीचं नाव घेतलं. तशी ती एकदम मऊ झाली. "हां, रिक्षावाला का तू! मंग असं सांग ना. बठ."

त्या दिवशी मी दुपारपर्यंत तिथे बसलो आणि जे बघितलं ते आमच्या फॉर्मच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.

साक्रीकडच्या गाड्या आल्या की त्यातून बायका उतरायच्या. कोणाचा पाय सुजलेला, कोणाच्या कडेवर तापलेलं पोर, कोणी नुसतीच पोट धरून. फोन कोणाकडेच नसायचा, घरात असला तर नवऱ्याकडे, आणि नवरा शेतात. स्टँडवरचे रिक्षावाले वाईट होते असं मी मुळीच म्हणणार नाही. पण त्यांची रिक्षा सवाऱ्या भरल्याशिवाय हलायची नाही, आणि एकट्या बाईला मधेच खाली उतरून दुसरी शोधायचं धाडस व्हायचं नाही. अशीच एकजण एकदा अर्धा दिवस भरकटून पुन्हा अक्काच्या टेबलापाशी येऊन रडली होती. मग सुरतला दिलेली लेक माहेरपणाला आली तेव्हा अक्काने तिच्या मागे लागून तिचा जुना फोन घेतला आणि हे सगळं शिकून घेतलं. तिला वाचायला फारसं येत नव्हतं, पण आकडे येत होते. दवाखाना कुठला ते तिने चित्रावरून पाठ केलं होतं.

तिची पद्धत अशी. रिक्षा मागवली की फोनवर चार आकडे येतात, ते रिक्षावाल्याला सांगितल्याशिवाय फेरी सुरू होत नाही. अक्का ते आकडे बॉलपेनने बाईच्या तळहातावर लिहायची. "आधी मोकळी व्हय, हात धू, मंगच नंबर," हा नियम, कारण एकीने नंबर घेऊन मग हात धुतले होते आणि सगळा घोळ झाला होता. तळहातावर फुंकर मारून ती शेवटचं सांगायची, "त्यानी नाव इचारं, तं मन्हंच नाव सांग."

म्हणजे फोन अक्काचा, तर रिक्षावाल्याला दिसणार अक्काचंच नाव. त्यामुळे धुळ्यात रोज सकाळी दहाबारा अक्का दवाखान्यात जायच्या. कोणी विशीतली, कोणी सत्तरीची. रिक्षावाले सुरुवातीला चक्रावले, मग त्यांनाही सवय झाली. पण एकदा एक नवा रिक्षावाला आला आणि बाई घाबरून स्वतःचंच नाव सांगून बसली. "ही ती नाही," म्हणून तो निघाला. अक्का ब्रशसकट फाटकापर्यंत धावली आणि रिक्षापुढे उभी राहून ओरडली, "अरे, ती मीच शे! अन हाई बी मीच शे!" फाटकाजवळचा रसवाला अजूनही हे सांगताना हसतो.

रिक्षा गेली की तिचं खरं काम सुरू व्हायचं. फोन ती फिनेलच्या बाटलीला टेकवून ठेवायची आणि नकाशावरची ती इवलीशी रिक्षा सरकताना बघत राहायची. सिग्नलला थांबली की हिचा जीव टांगणीला. दवाखान्याच्या फाटकात शिरली की, "पोची गई," म्हणून पाण्याचा एक घोट. भाडं बायका रिक्षावाल्याच्या हातात द्यायच्या, पण या सगळ्याबद्दल ती कोणाकडून दमडी घेत नव्हती. मी विचारलं, "अक्का, या तुमच्या कोण लागतात?" तर म्हणाली, "बठ्ठा मन्हाच शेतस," सगळ्या माझ्याच, आणि पुढच्या बाईची पिशवी घ्यायला वळली.

त्यातली एक मला चांगली आठवते. दर मंगळवारी आणि शुक्रवारी यायची. चाळिशीची असेल, चेहरा फुगलेला, बोलणं अगदी हळू. साक्रीच्या पुढे कुठल्याशा फाट्यावर गाडीत बसायची, तिथपर्यंत आतून पायी. तिला रक्त शुद्ध करायच्या मशीनवर घ्यायचे. तिची वेळ ठरलेली असायची. वेळ चुकली की मशीन दुसऱ्याला जायचं, मग दुसऱ्या दिवसावर. येताना ती अक्कासाठी अंबाडीची भाजी फडक्यात बांधून आणायची. "हाई मन्ही मशीनवाली," अक्का मला कौतुकाने म्हणाली. "हाई पोचनी का मन्हा दिवस चांगला जास."

आता माझी करणी ऐका.

फॉर्म भरण्याआधी आम्हाला एक वाक्य वाचून दाखवावं लागतं, 'आपण दिलेली माहिती गोपनीय ठेवली जाईल.' मी ते मोठ्याने वाचलं.

"गोपनीय म्हंजे?"

"म्हणजे आम्ही कोणालाच सांगणार नाही."

"कोनलेच सांगानं नही, तं मंग इचारस कसाले?"

मी हसलो. ती हसली नाही. पेनाचं टोपण लावत म्हणाली, "मन्हं नाव तठे जावाले नको, भाऊ. ठेकेदारले समजनं तं मन्ही नोकरी जाई. अन हाई बंद पडनं तं या बायासनी कोठे जावानं?"

"नाही जाणार नाव," मी म्हणालो. "शब्द देतो."

जळगावला परत येताना गाडीत माझे पाय जमिनीला टेकत नव्हते. इतकी वर्षं कॉलेजच्या पोरांना 'आपण समाधानी आहात का' विचारून विचारून मी विटलो होतो, आणि आज काहीतरी खरं हाती लागलं होतं. रात्रीचं जेवण बाजूला सारून मी अहवालात दोन पानं लिहिली. ही मागणी एका बाईची नाही, फोन नसलेल्या शेकडो बायकांची आहे. कंपनीने अशा बसस्थानकांवर मदतीची खिडकी उघडावी. झकास लिहिलं होतं, आजही वाचलं तर मला आवडेल. तिचं नाव कुठेही लिहिलं नाही. शेवटी एक रकाना होता, 'पडताळणीसाठी ग्राहकाचा मोबाइल क्रमांक'. तो रिकामा ठेवला तर अहवाल पुढे जातच नव्हता. मी क्रमांक टाकला. नाव तर नाही ना टाकलं, असं मनाशी म्हणालो आणि पाठवून दिलं. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

साहेबांचा फोन आला, "उत्तम निरीक्षण!" मी घरात पेढे आणायचाच बाकी होतो.

पंधरा दिवसांनी पुन्हा धुळ्याला गेलो. अक्का टेबलाशी होती, पण फोन बाटलीला टेकवलेला नव्हता. तो तिने दोन्ही हातांत धरला होता, एखादी जखम झालेली चिमणी धरावी तसा.

"बरं झायं तू उना. देख बरं, मन्हा हातथून काय दाबाई गयं."

पडद्यावर इंग्रजीत चार ओळी होत्या. वैयक्तिक खात्याचा इतरांसाठी गैरवापर झाल्यामुळे आपलं खातं बंद करण्यात आलं आहे. मी त्या ओळी दोनदा वाचल्या. दुसऱ्यांदा कशाला वाचल्या, देव जाणे.

"काय लिखेल शे?"

"काहीतरी तांत्रिक आहे, अक्का. बघतो मी."

"मन्हंच बोट चुकनं व्हई," ती म्हणाली आणि आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे रागाने बघितलं. मी तेव्हा तिला खरं सांगायला हवं होतं. माणूस समोर होता, वेळ होती, तोंड होतं. मी सांगितलं नाही. मला अजूनही माझा याबद्दल राग येतो आणि तो येत राहावा असंच वाटतं.

पार्सल कार्यालयाच्या मागे जाऊन मी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "अहो, त्यात काय एवढं? अहवाल सुरक्षा विभागाकडे गेला, त्यांनी नियम बघितला. त्या बायकांना स्वतःची खाती काढायला सांगा ना. उलट आपले ग्राहक वाढतील!"

"त्यांच्याकडे फोन नाहीत, साहेब. मी लिहिलंय तसं."

"फोन नाही तर मग तो ग्राहकच नाही," साहेब म्हणाले. पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकायला यांचं काय जातं! मी दोन अर्ज केले, तीनदा फोन केला, एकदा आवाजही चढवला. माझ्या फोनवरून त्या दिवशी चार जणींना रिक्षा करून दिली. पण संध्याकाळी मला जळगावला परतायचं होतं, आणि बायका तर रोज येणार होत्या.

पुढच्या मंगळवारी मशीनवाली उतरली. अक्काने तिला स्टँडवरच्या रिक्षात बसवून दिलं. बाईने सांगितलं, "मोठा दवाखाना." आता यात गंमत अशी, म्हणजे गंमत कसली, की साक्रीकडच्या बायका गावाबाहेरच्या नव्या दवाखान्याला मोठा म्हणतात, कारण तो दिसायला मोठा. आणि धुळ्यातले म्हातारे रिक्षावाले गावातल्या जुन्या दवाखान्याला मोठा म्हणतात, कारण त्यांच्या लहानपणापासून मोठा तोच. नकाशावर चित्र दाबताना हा घोटाळा कधी झाला नव्हता. रिक्षावाल्याने तिला इमानदारीने मोठ्या दवाखान्यात सोडलं. तिथून विचारत विचारत ती नव्यात पोचेपर्यंत तिची वेळ टळली होती. उद्या या, म्हणाले. उद्यापर्यंत राहणार कुठे? सुजलेले पाय घेऊन ती संध्याकाळच्या गाडीने परत गेली.

त्यानंतर अक्का स्वतः तिच्यासोबत रिक्षात बसून दवाखान्याच्या फाटकापर्यंत जायला लागली. आधी फक्त तिच्यासोबत, मग आणखी कोणाकोणासोबत. टेबल तेवढा वेळ उघडं पडायचं. ठेकेदाराच्या माणसाला दोनदा खुर्ची रिकामी दिसली. तिसऱ्यांदा, एका गुरुवारी, त्याने तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. त्याच्या बाजूने बघितलं तर तोही चुकला नव्हता.

हे सगळं मला महिन्याभराने पुन्हा गेलो तेव्हा रसवाल्याने सांगितलं. टेबलाशी आता एक तरुण मुलगी बसली होती, कानात वायर घालून. "अक्का कुठे भेटतील?" मी विचारलं. रसवाल्याने हाताने साक्रीच्या फलाटाकडे दाखवलं. "आज शुक्रवार ना. मंगळवार-शुक्रवार तठेच ऱ्हास ती."

बाकावर ती एकटी बसली होती. कपाळावर कुंकू होतं, पण पदर खोचलेला नव्हता. काम नसलेल्या माणसासारखा तो नुसता खांद्यावर होता. मला बघून सरकली, जागा केली. मी बसलो आणि या वेळी थांबलो नाही, सगळं सांगून टाकलं. अहवाल, तो रकाना, साहेब, सगळं.

"तुमचं नाव नाही गेलं, अक्का. नंबर गेला," मी म्हणालो. मनातल्या मनात कितीदा तरी घोकलेलं हे वाक्य तिच्यासमोर बोललो तेव्हा इतकं फालतू वाटलं की सांगता सोय नाही.

ती फलाटाकडे बघत म्हणाली, "महिनाभर मी मन्हा बोटले शिव्या दिध्यात. अन तू उभा राहीसन देखत व्हता."

मी मान खाली घातली.

"मन्ही मशीनवाली येत नही आते," अक्का म्हणाली. "माले काढं ना, त्यान्हा दुसरा दिवस शुक्रवार. मी ठेकेदारना पाय धराले गयथू. ती उनी व्हती. टेबलवर दुसरीच देखीसन ती उलटी फिरी गई, असं रसवाला म्हनस. तवयपाइन उनीच नही. मी फाट्यावर निरोप धाडा. तठे आत सात-आठ पाडा शेतस, कोन कोनले सांगी?"

ती एकदम माझ्याकडे वळली. माझ्या टॅबवर बोट ठेवून म्हणाली, "तुम्हले आठे बठ्ठं दिसस ना? कोन कथा गयं, कवय गयं? मंग देखी दे ना भाऊ, ती कोठे शे."

मी टॅब उघडला. बसस्थानक ते नवा दवाखाना, फेऱ्यांची लांबलचक यादी आली. प्रत्येक ओळीत अक्काचं नाव. मंगळवार अक्का, शुक्रवार अक्का. मी खाली खाली सरकवत गेलो. मग सुचलं, यात नाही तर नाही, दवाखान्यात जाऊन तर विचारता येईल. मशीनवर येणाऱ्यांची तिथे नोंद असणारच. मी पेन काढलं.

"अक्का, तिचं नाव सांगा. मी आत्ता जातो तिकडे."

अक्काने सांगायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. ती माझ्याकडे बघत होती, पण आठवत दुसरीकडेच होती. मंगळवार, शुक्रवार, सुजलेले पाय, अंबाडीची भाजी, सगळं आठवत असणार.

"नाव..." ती म्हणाली. "तिले तं मी मन्हंच नाव दिधेल व्हतं, भाऊ."

साक्रीची गाडी फलाटाला लागली. अक्का उठली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. उतरणाऱ्या एकेका बाईचं तोंड ती निरखून बघत होती. गाडी रिकामी झाली, कंडक्टरने दार ओढून घेतलं, तरी ती तिथून हलली नाही.